बदकांची भिंत

ते कागद घरात आले तेव्हा बाळ नुकतं पालथं पडायला लागलं होतं, म्हणजे कार्तिक असेल. हे कापसाच्या जिनातून संध्याकाळी आले ते हमालाच्या डोक्यावर एक लांबट खोकं देऊन, आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, बघ काय आणलंय. मला वाटलं काचेचं काही असेल, म्हणून मी बाळाला आधी बाजूला घेतलं. खोकं उघडलं तर आत कागदाच्या सुरळ्या. जाड जाड, एकेक मांडीवर घ्यावी तर बाळाएवढी जड.

जिनातले साहेब विलायतेला परत निघाले होते. बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, टेबलं, खुर्च्या, आरसे मोठ्या लोकांनी नेले, आणि हे खोकं कोणी घेईना, कारण ते काय आहे तेच कोणाला कळेना. यांना ठाऊक होतं. सह्यांचे कागद घेऊन हे बंगल्यावर जायचे तेव्हा यांनी त्या भिंती बघितल्या होत्या. चुन्याऐवजी भिंतीला कागद चिकटवतात, म्हणाले, खोलीखोलीला निराळा, आपल्याकडे जळगावात दोन-चार घरांत तरी असेल का. आणि मग हात झाडून म्हणाले, घर बाईचं असतं, कुठल्या खोलीला कुठला ते तू ठरव.

मी मराठी तिसरी शिकलेली. डाळ तुरीची घालू की मुगाची हे सुद्धा मी यांना विचारते, यांना नाही तर शेजारच्या अक्कांना विचारते. आणि आता भिंती ठरवायच्या.

सुरळ्या चार जातीच्या होत्या. एक सायीच्या रंगाची, तिच्यावर गुलाब, एकेक गुलाब ताटलीएवढा. दुसरी तांबडी, अंधारासारखी तांबडी, वर सोनेरी उभ्या रेघा. तिसरीवर निळी बारीक फुलं, ती हाताला गुळगुळीत लागे, कारण तिला तेलासारखं काही चोपडलेलं होतं. हिला ओलं फडकं मारलं तरी चालतं म्हणे, असं बंगल्यावरच्या खानसाम्यानं यांना सांगितलं होतं. आणि चौथीवर बदकं. पिवळी बदकं, गळ्यात फीत बांधलेली, एकामागे एक चाललेली, मध्ये एखादं मेंढरू, परत बदकं. ते लेकरांच्या खोलीसाठी असतं, हे म्हणाले, तिकडे लेकरांची खोली वेगळी असते. यांनी ती सुरळी बाळासमोर जमिनीवर उलगडली, बाळ मान उचलून हसलं, हे पण हसले, मी तेवढी हसले नाही.

का ते सांगते.

आमचं घर म्हणजे पुढे बैठक, मध्ये माजघर, मग चुलीची खोली आणि सगळ्यांत मागे एक खिडकीवाचूनची खोली. त्या मागच्या खोलीत मी बाळंत झाले. माझ्या सासरी अशी रीत आहे की सटीच्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर सटवाई काढतात. चित्र नाही काढत, तेलात कुंकू कालवून पाच बोटं उभी ओढायची, त्यांच्यावर एक टिकला, खाली हळदीची रेघ. ती खूण बघून सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर लिहून जाते. पूजा सगळेच करतात, आणि झाली की विसरतात. आमच्यात विसरत नाहीत. आमच्यात जावळ निघेपर्यंत ती भिंत तशीच राखायची. चुना नाही, माती नाही, खुंटी ठोकायची नाही, वर कपडा टांगायचा नाही.

माझी पहिली मुलगी माहेरी झाली, धुळ्याला देवपुरात. सासूबाई साक्रीकडच्या खेड्यातून मुद्दाम आल्या, सटी काढली, सगळ्यांना बजावलं आणि परत गेल्या. दिवाळीला नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घराला चुना काढायला माणूस लावला. नाना बाहेर गेलेले, माय चुलीपाशी, मी पुढे लेकीला पाजत बसलेली. त्या माणसानं सगळ्या खोल्यांबरोबर त्याही खोलीत कुंचा फिरवला, त्याला काय माहीत. तुळशीचं लग्न व्हायच्या आत लेकीला ताप आला आणि ती गेली.

सासूबाई आल्या, दारातच बसून रडल्या, आणि मग पदरानं डोळे पुसून नानांकडे बघून एवढंच बोलल्या, "चुना लावा, आनि पोर गयी."

हे तिथंच होते. मी यांना आवाज चढवताना कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. तापानं गेली, चुन्यानं नाही, आणि हे भिंतीचं बोलणं पुन्हा माझ्या कानावर येऊ देऊ नका, असं म्हणाले आणि नदीकडे निघून गेले ते अंधार पडेतो आले नाहीत. नानांनी तेव्हापासून त्या खोलीला चुना लावला नाही, बाहेरून कडी घालून ठेवलीय.

म्हणून हे दुसरं बाळंतपण सासूबाईंनी माहेरी होऊ दिलं नाही. त्या स्वतः जळगावला येऊन राहिल्या, सटी काढली, आणि बाळ थोडं बाळसं धरायला लागल्यावर जाताना मला त्या भिंतीपाशी नेलं. "जावळ निघस तवलोंग हाई भितले कोनी हात लावानं नही," म्हणाल्या, "ध्यानमा ठेव, वहू." यांच्यासमोर नाही बोलल्या. मला एकटीला बोलल्या.

तर माझं असं झालं होतं. भिंत राखायची आणि भिंतीचं नाव काढायचं नाही.

आणि बदकांच्या सुरळ्या दोनच होत्या, म्हणजे एका भिंतीला पुरून थोडं उरेल एवढ्या. मागच्या खोलीत दुसऱ्या भिंतींना फडताळ, दार आणि धान्याच्या कोठ्या. मोकळी भिंत एकच, सटवाईची.

मग मी खोल्यांमधून नुसती फिरायला लागले. हातात कागद नाही काही नाही, बाळ खांद्यावर, आणि मी भिंतींकडे बघतेय. अक्कांनी एकदा दारातून बघून विचारलं, काय वं, हरवलं का काही. मी मनात हिशोब घालत होते तो एवढाच की बदकं दुसरीकडे कुठे खपतील. बदकं खपली की भिंत वाचली, इतकं सोपं मला वाटत होतं.

चुलीच्या खोलीचा आधी विचार केला. पण तिथं धूर. फोडणी उडते, शेंगदाण्याचं तेल भिंतीवर बसतं, आठ दिवसांत बदकं काळी होतील, हे मलाही कळत होतं. तरी मी सांगून बघितलं. हे म्हणाले चुलीच्या खोलीला निळा गुळगुळीत, तो पुसता येतो, त्यासाठीच तो केलेला असतो. ते बरोबर होतं. माजघराला म्हणाले तांबडा, तिथं अंथरुणं टेकतात, माणसं पाठ टेकून बसतात, डाग दिसणार नाहीत. मी म्हटलं माजघरात आधीच उजेड कमी, तांबड्यानं दिवसा दिवा लावावा लागेल, त्यापेक्षा बदकांचा कागद पांढरट आहे, तो लावला तर उजेड पडेल. हे चकित झाले. म्हणाले, वा, तुला समजतं की. पण एवढ्या मोठ्या माजघराला दोन सुरळ्या कशा पुरतील? आणि बरोबर बोलले. पुरणार नव्हत्याच.

मग मी जे बोलले ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. मी म्हटलं, "बैठकीत लावा बदकं."

"बैठकीत?"

"एका भिंतीला. छान दिसेल."

"हेडक्लार्क येऊन बसतील तिथं. त्यांच्या डोक्यामागून बदकं जाऊ देत म्हणतेस?" आणि हे इतके हसले की ठसका लागला, मीच पाणी आणून दिलं. दोन दिवस जेवताना सुद्धा मध्येच हसायचे. मला वाईट वाटलं नाही. यांचं हसणं घरात फार दिवसांनी ऐकलं होतं, पण त्या हसण्यात माझा एक रस्ता बंद झाला.

कागद लावायला कोण येणार हे एक कोडंच होतं. शेवटी यांनी पतंग करणाऱ्या चाचांना आणलं. चाचा मोहरमला ताजियाचं कागदकाम करतात, तर कागद चिकटवणारा त्यांच्याशिवाय गावात दुसरा कोण. भिंतीला कागद त्यांनीही कधी लावला नव्हता. त्यांनी मैद्याची खळ शिजवली मोठ्या पातेल्यात आणि तिच्यात विषारी मोरचूद कुटून घातलं, कारण नुसत्या खळीला वाळवी आणि झुरळं लागतात. अक्का बघायला आल्या होत्या त्या म्हणाल्या, लेकराचं घर शे, इख कालवतात का त्यात. चाचा म्हणाले, सुकलं की भीती नाही, भिंत काय कोणी चाटतं का. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय वं माय, भिंतीले लुगडं नेसवतेस, आता चोळी शिवशील का?" सगळे हसले, चाचा पण.

बैठकीत गुलाब लावायला घेतले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. एका पट्टीवरचा गुलाब अर्धा कापला जातो आणि त्याचा दुसरा अर्धा शेजारच्या पट्टीवर असतो. ते जुळवायचं तर पट्टी वर-खाली सरकवावी लागते आणि पुष्कळ कागद वाया जातो. चाचा जुळवत नव्हते, जसं येईल तसं लावत होते. मी दाराआडून यांना म्हटलं, अर्धे गुलाब बरे दिसत नाहीत, डोकं एकीकडे आणि धड एकीकडे. यांना ते पटलं. चाचांनी हात थांबवून मला हाक मारली, "बाई, फूल को फूल मिळवत बसलो तर कागद पुरणार नाही हां." मला तेच हवं होतं. गुलाब संपले की उरलेल्या जागी बदकं लावावी लागतील, असा माझा डाव. मी म्हटलं, नाही पुरला तर नाही पुरला, पण फूल जुळलं पाहिजे. यांना वाटलं मला आता या कामाची गोडी लागलीय. संध्याकाळी म्हणाले, तुझ्यात आवड आहे, मला माहीतच नव्हतं.

गुलाब खरंच संपले. दारामागची एक पट्टी उघडी राहिली. तिथं बदकं लावली, दार उघडं असलं की झाकतात म्हणून. एक पट्टी. तेवढीच. त्या सुरळ्या जमिनीवर ठेवल्या तर होत्या तेवढ्याच दिसत होत्या, बदकं काही संपेनात.

मी आणखी काय करू शकले असते? दिवसभर विचार करायची आणि हे आले की तोंडाला कुलूप. एकदा बोलायला गेले, म्हटलं मागच्या खोलीला काही नको, तिथं कोण बघतंय. हे बाळाला पायांवर झुलवत होते. म्हणाले, कोणी बघावं म्हणून नाही लावायचं तिथं. एवढं तरी त्याच्यासाठी करू. मग जरा थांबून खाली बघत म्हणाले, तिच्यासाठी आपण काहीच केलं नव्हतं. यानंतर मी कुठल्या तोंडानं बोलणार.

मी चाचांना सांगितलं की मागची भिंत ओल धरते, तिला उन्हाळ्यात बघू. चाचांनी भिंतीवर हात ठेवला. भिंत कोरडी ठणठणीत. त्यांना ती कुंकवाची बोटं पण दिसली असतील, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पातेलं उचलून नेलं. तेवढा माझा दिवस गेला. पौष असाच गेला, मला वाटलं आता विसरले सगळे.

माघात धाकट्या बहिणीचं लग्न. बाळाला घेऊन मी धुळ्याला गेले, चाळीसगावला गाडी बदलताना गर्दीत बाळ घट्ट धरून. हे लग्नापुरते आले आणि दुसऱ्या दिवशी परतले, रजा नव्हती. मी पाठवणीनंतर थोडी राहिले. परत आले तेव्हा स्टेशनवर हे घ्यायला आलेले, टांग्यात सारखे हसत होते. काय झालं म्हटलं तर म्हणे घरी चल.

घरी गेल्यावर यांनी मला चूळसुद्धा भरू दिली नाही. बाळाला माझ्याकडून घेतलं आणि मागच्या खोलीत नेलं, कंदील वर धरला. बदकं. भिंतभर बदकं, खालपासून वर आढ्यापर्यंत. नीट जुळवलेली, एकाही बदकाची मान तुटलेली नाही. तू जुळवायला शिकवलंस म्हणून चाचांना मुद्दाम सांगितलं, हे म्हणाले. बाळानं हात पुढे केला. मी म्हटलं छान आहे. आणखी काय म्हणणार. छान आहे म्हटलं आणि चुलीच्या खोलीत जाऊन त्या निळ्या फुलांपुढे चूल पेटवत बसले, आणि लाकडं ओली नव्हती तरी डोळ्यांतून पाणी येत राहिलं.

त्यानंतर मी दररोज बाळाच्या कपाळाला हात लावून बघायची. उठल्यावर, पाजताना, झोपल्यावर. हात लावून लावून मला कळेनासं झालं की कपाळ गरम आहे की माझा हात. रांगायला लागलेलं, सगळं बरं होतं. आणि शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी खरंच गरम लागलं.

आधी ताप, मग ओकाऱ्या, मग पातळ जुलाब. अंगातलं पाणी गेल्यासारखं झालं, टाळू खाली गेली. अक्कांनी जायफळ उगाळून दिलं, ते पोटात राहिलं नाही. मला फक्त ती भिंत दिसत होती. मी बाळाला त्या खोलीतून बाहेर आणून माजघरात ठेवलं, पण त्यानं काय होणार, झाकली गेलेली ती झाकलीच होती. बदकांच्या खाली ती पाच बोटं. मी खोलीत जाऊन कागदावर हात फिरवायची, कुठं आहेत ते चाचपायची, आणि बाळाचं रडणं आलं की परत धावायची. कागदाचं टोक नखानं उचललं पण सोडलं. फाडला आणि यांनी विचारलं तर? नाही फाडला आणि बाळाला काही झालं तर? असं तीन-चारदा झालं असेल, टोक उचलायचं, परत दाबून बसवायचं.

हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. त्यांनी तपासलं, दात येतायत म्हणाले, उन्हाळा लागलाय, औषध दिलं, उकळलेलं पाणी थोडं थोडं पाजायला सांगितलं. जाता जाता विचारलं, पोरानं काही तोंडात घातलं होतं का, रंग, माती, काही?

डॉक्टर गेले तसे हे सरळ मागच्या खोलीत गेले आणि खाली वाकून त्या भिंतीचा खालचा कोपरा बघायला लागले. तिथं कागद ओला होऊन चुरगळलेला होता. चाटला असेल, किंवा मीच सारखी उचलून दाबून तो तसा केला होता, कोण सांगेल. "मोरचूद," हे म्हणाले. "मी लावून घेतलं. मी स्वतः लावून घेतलं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाडून टाक हे सगळं. आत्ता."

इतके दिवस मला तेच हवं होतं आणि आता ते बोलले, तरी माझे हात उचलेनात. बाळ अक्कांच्या मांडीवर होतं. यांनी एका बाजूनं सुरुवात केली, मी दुसऱ्या बाजूनं. खळ चांगली धरली होती. कागद एकटा निघत नव्हता, त्याच्याबरोबर पांढऱ्या मातीचा पापुद्रा निघून येत होता आणि आतली काळी भिंत उघडी पडत होती. मला ते दिसत होतं आणि पुढचं कळत होतं, तरी यांना थांबा म्हणायला माझा आवाज फुटला नाही. यांनी मधली पट्टी वरून धरली आणि ओढली. ती आख्खी खाली आली.

भिंतीवर काही नव्हतं. पट्टी यांच्या हातात होती आणि तिच्या पाठीवर, मातीच्या पापुद्र्यासकट, पाच बोटं, टिकला, हळदीची रेघ. सगळं कागदानं उचलून घेतलं होतं.

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे आईनं काढलेलं?"

"सटी आहे त्याची," मी म्हटलं. "जावळापर्यंत राखायची होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, भिंतीचं कानावर येऊ देऊ नका."

मला वाटलं आता ती पट्टी चुरगळतील, किंवा मला बोलतील. हे तिथंच उकिडवे बसले, पट्टी दोन्ही हातांवर धरून, जसं लेकरू धरतात. बाहेर अक्का बाळाला चमच्यानं पाणी घालत होत्या, तो चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. मग हे उठले, चुलीपाशी गेले, आणि यांनी, ज्यांनी कधी चुलीत लाकूड सारलं नाही, मैदा विचारून घेतला आणि स्वतः खळ शिजवली. मोरचूद नाही घातलं. गुठळ्या झाल्या. पट्टी बदकांच्या बाजूनं खळ लावून भिंतीला टेकवताना मला एवढंच विचारलं, "वर कुठली बाजू?" मी टिकला दाखवला.

म्हणजे आता बदकांची तोंडं भिंतीकडे आणि सटवाई खोलीकडे. तशी एकच पट्टी त्या उघड्या काळ्या भिंतीवर.

बाळाचा ताप हळूहळू उतरला. औषधानं, की दात वर आला म्हणून, की पट्टी लागली म्हणून, मला माहीत नाही. हे म्हणतात मोरचूद पोटातून गेलं म्हणून. मी काही म्हणत नाही. पण हे जिनात जाताना आता एकदा मागच्या खोलीत डोकावून जातात. काय बघतात ते मी विचारलेलं नाही.

आणि मला वाटलं होतं आता माझी भीती जाईल. गेली नाही. एक तर ती खूण पूर्वी होती तशी नाही. जी बोटं भिंतीवर होती तीच आहेत, टिकला तोच आहे, आणि तरी मला काहीतरी वेगळं वाटतं, सासूबाईंनी काढलेली ती ही नाही असं वाटतं. सटवाईनं ओळखली असेल का? भिंत तीच, पण मध्ये बदकं आली. हे मी कोणाला विचारू? सासूबाईंना विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं.

दुसरं म्हणजे चैत्र. आपल्याकडचं ऊन म्हणजे घरात भिंतीसुद्धा तापतात. बैठकीतले गुलाब दुपारी कडकड आवाज करत सुटायला लागले, आधी पश्चिमेच्या भिंतीचे. माजघरातल्या तांबड्या पट्ट्या कडेनं वळल्यात. फक्त चुलीपाशी निळा कागद बरा राहिलाय, धुरानं काळा झालाय पण चिकटून आहे. हे सुरुवातीला हातानं दाबत फिरायचे, आता सोडून दिलं. म्हणाले विलायतेचा कागद विलायतेलाच बरा. पण ती एक पट्टी कशी सोडायची? तिच्यात मोरचूद नाही, तर झुरळं कड कुरतडतात, मी सकाळी कडुलिंबाचा पाला ठेवते, दुपारी ओल्या हातानं कोपरे दाबते, कोपरे संध्याकाळी परत वळतात.

आणि बाळ उभं राहायला लागलंय. धरून उभं राहतं, आणि धरतं कुठं तर तिथंच. आख्ख्या घरात एवढी दारं, एवढ्या कोठ्या, पण रांगत रांगत त्या भिंतीपाशी जातं, दोन्ही हात पट्टीला लावून उठतं, आणि नखाला टोक लागलं की ओढतं. तिथून उचललं की रडून घर डोक्यावर घेतं. परवा मी पाणी भरून आत आले तर तोंडात काही चघळत होतं. बोट घालून काढलं तर कागदाचा तुकडा, लाल. ओला तुकडा हातात घेऊन मी उभी. परत चिकटवू? फेकू? फेकवेना. देवापाशी ठेवला, तर तो देवापाशी ठेवण्यासारखा आहे की नाही तेही मला कळेना. ज्याच्यासाठी एवढं राखायचं तोच खातोय, त्याला रागावू कशी?

गेल्या आठवड्यात भाऊ आला होता मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, न्यायला. मायनं सांगून पाठवलं होतं, तुना करता झोका बांधेल शे. बहीण लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला येतेय, सगळ्या मुली येणार, गाणी होणार. मी नाही म्हटलं. बाळ अशक्त आहे अजून, असं सांगितलं. भावानं बाळाकडे बघितलं, ते तेव्हा पितळी डबा जमिनीवर आपटत होतं. भाऊ म्हणाला, हे अशक्त? आणि राग धरून गेला. अक्का पण म्हणाल्या, माहेरच्या माणसाले कोणी परत पाठवतं का. बाळ तर माझ्याबरोबर येईल, पण पट्टी इथं राहील. ऊन आहे, झुरळं आहेत, हे दिवसभर जिनात. कोण दाबणार?

सासूबाईंचा निरोप आलाय की आखाजी झाली की जावळ काढायचं, गावी कुलदेवीपुढे. तोवर. मी दिवस मोजत नाही, मोजले की भीती वाटते.

सकाळची कामं आटोपली की मी मागच्या खोलीत येऊन त्या पट्टीला पाठ लावून बसते. भाजी निवडते ती तिथंच, गोधडी शिवते ती तिथंच, हे लिहितेय तेही तिथंच. मी टेकून बसले की पट्टी सुटत नाही. घामानं चोळी ओली होते, तीही भीती आहे, कुंकू पुसलं जाईल म्हणून मध्ये फडकं धरते. बाळ आत्ता माझ्या मागून येऊन खांद्याला धरून उभं राहिलंय. एक हात माझ्या गळ्यात आहे. दुसरा हात माझ्या मानेमागे आहे आणि त्या हातानं ते काहीतरी ओढतंय, मोठ्या नेटानं, हुंकार देत. माझे केस असतील. कागद असेल. मी मान वळवून बघितलेलं नाही.